नवाबचं वशिंड

उदगीरच्या नासिरभाईंना वेड लागलं ते नऊ वर्षांचे असताना, आणि तेही एका फूटपट्टीमुळं. पट्टी हलवली की तिच्यावरचा वाघ जबडा उघडायचा. बाकीची पोरं पट्टी हलवत बसली. यांनी ती नखानं खरवडून पाहिली. कर्रर्र आवाज झाला आणि गुरुजींनी कान पिळला. कान बरा झाला, वेड काही गेलं नाही.

पुढं वडलांचा फोटो स्टुडिओ हाती आला. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं झालं. मग घरोघरी मोबाइल आले आणि स्टुडिओत माणसं फक्त झेरॉक्सला यायला लागली. दुसरा असता तर कपाळाला हात लावून बसला असता. नासिरभाई म्हणाले, बरं झालं, आता वेळ मिळाला. उठून दिसणारा फोटो काढायचा! एकच गोष्ट आठ जागांवरून टिपायची, आठही फोटोंच्या बारीक पट्ट्या संगणकावर एकमेकींत विणायच्या, छापायच्या, आणि वर रेघारेघांच्या भिंगाचं पारदर्शक शीट चिकटवायचं. दोन डोळ्यांना दोन वेगळे फोटो दिसतात आणि चित्र कागद सोडून बाहेर येतं. म्हणजे यायला हवं. तीन वर्षं नासिरभाईंचं धुकंच बाहेर येत होतं. शीट केसभर सरकलं तरी मुसळ केरात. आता दिल्लीहून मागवलेल्या शीटांपैकी दोनच उरली होती.

अशात देवणीचे अण्णाराव आले. त्यांचा नवाब नावाचा देवणी वळू शनिवारी दूरच्या पैदास केंद्रात जायचा होता. नवाबचं रक्त जातीत पसरावं म्हणून अण्णारावांनी तो स्वतःच्या खुशीनं दिला होता, पण घास गळ्याखाली उतरत नव्हता.

"फोटो लई हायेत," ते म्हणाले. "समद्यात त्यो भाकरीवानी चपटा दिसतोय. वशिंड न्हाई, काई न्हाई. आन् डाव्या कानामागचा तीळ तर दिसतच न्हाई. आईनं जवळ केला न्हाई त्याला, म्या बाटलीवर वाढिवला. बाटली धरली की त्यो तीळ माझ्या डोळ्याम्होरं असायचा."

"अण्णाराव, नवाब भिंतीवर उभा करतो," नासिरभाई बोलून गेले.

वळू काही नवरदेव नाही, हसा म्हटलं की हसायला. आठ फोटो एकाच क्षणी हवेत, नाहीतर एका शेपटीच्या आठ शेपट्या. नासिरभाईंनी एकाच बनावटीचे आठ जुने मोबाइल फळीवर ओळीनं बसवले आणि सगळ्यांच्या वायरी एका बटणाला जोडल्या. फोटोंची सरमिसळ होऊ नये म्हणून बायकोनं, साबेरानं, प्रत्येकाला आकड्याचं लेबल लावून दिलं. ती उर्दू शाळेत शिक्षिका. लेबल लावण्यात तिचा हातखंडा. शुक्रवारी गोठ्यापुढं अण्णारावांनी गळ्याखाली खाजवलं, नवाबनं तंद्रीत मान लांबवली आणि बटण दाबलं गेलं. शनिवारी नवाब ट्रकमध्ये चढला. म्हणजे पुन्हा फोटो काढण्याची सोयच उरली नाही.

रविवारी पहिली प्रत छापली, शीट चिकटवलं. धुकं नव्हतं! पण नीट पाहिलं तर गोठ्याची भिंत पुढं आली होती आणि नवाबचं वशिंड खड्ड्यासारखं आत गेलं होतं.

"अजी, ये वशिंड अंदर कायकू गया?" साबेरानं विचारलं.

एकच शीट उरलेलं, आणि सोमवारी सकाळी अण्णाराव येणार. नासिरभाईंनी आठही फोटो पुन्हा पडद्यावर मांडले. तीळ फक्त एक नंबरच्या फोटोत दिसत होता. पण एक नंबर तर डाव्या टोकाचा! तिथून तीळ कानाआड जायला हवा. नवाबचं तोंड मोबाइलांकडं, म्हणजे त्याचा डावा कान फोटोत उजवीकडं; तीळ दिसेल उजव्या टोकावरून.

"साबेरा, एक नंबर कौनसी बाजू लगायी?"

"सीधे हात से. और कहाँ से?" ती म्हणाली. तिच्या फळ्यावर बावीस वर्षं सगळं उजवीकडून सुरू होत होतं. आणि संगणक बिचारा डावीकडून वाचणारा.

नासिरभाई इतके मोठ्यानं हसले की शेजारचा शिंपी डोकावून गेला. साबेरा आधी रुसली, मग तिनंच आठही फोटो उलट क्रमानं लावले. शेवटचं शीट चिकटवताना दोघांनी श्वास धरला होता.

सोमवारी दहाच्या एसटीनं अण्णाराव आले. चित्र भिंतीवर होतं. वशिंड थेट खोलीत आलेलं. अण्णाराव चित्रासमोर उभे राहिले.

"अण्णाराव, जरा उजव्या अंगाला सरका."

ते दोन पावलं सरकले आणि थांबले. कानामागून तीळ बाहेर आला होता. ते मागं आले, तीळ कानाआड गेला. पुन्हा सरकले, पुन्हा आला.

"हाव, ह्योच त्यो," एवढंच ते म्हणाले. डोळे पुसलेही नाहीत. हात आपसूक पुढं गेला आणि नवाबच्या गळ्याखाली बोटं खाजवायला लागली. कर्रर्र आवाज झाला.

शीटवर नखाचा ओरखडा उठतो, आणि एकदा उठला की जात नाही. शीट शेवटचं होतं. नासिरभाईंनी साबेराकडं पाहिलं आणि अण्णारावांना खाजवू दिलं.