नव्या भाताचं ताट

गेल्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. तोंड माझं फटकळ, पण त्याच्याशी भांडायलाही जीव उरला नव्हता. धान अजून हिरवं असतानाच आमचे हे गेले. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. सासूबाई रोज देवापुढे दिवा लावायच्या, मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून भात रांधायची. त्यांचा तर पोटचा गोळा गेला होता. पण त्या मला कधी काही बोलल्या नाहीत, आणि रडल्याही नाहीत.

आमचं गाव कोंढ्याजवळ, तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बंधाऱ्याला लागून. गावातली भुरी नावाची एक कुत्री ह्यांच्या मागं-मागं शेतात, धानाच्या बांधीपर्यंत जायची. आम्ही तिला पाळलं नव्हतं, तिनंच ह्यांना पाळलं होतं म्हणा ना! हे गेल्यावरही ती सकाळी दारात येऊन बसायची, थोडी वाट पाहायची, मग एकटीच पाळीवरून निघायची. अशाच एका सकाळी धान वाहणाऱ्या ट्रॅक्टरची ट्रॉली तिच्या मागच्या पायावरून गेली. धुकं इतकं दाट की आधी ती दिसलीच नाही, नुसतं कण्हणं ऐकू आलं. आवाजाच्या मागं गेले आणि तिला पदरात गुंडाळून घरी आणलं.

गुरांच्या डॉक्टरांनी पाय बांधला, सुया दिल्या. म्हणाले, "पाय जुळून जाईल बाई, पण पोटात काही गेलं नाही तर ही वाचत नाही." आणि भुरी तर कशाला तोंडच लावेना. दूध, पेज, अंडं, सगळं पुढ्यात तसंच पडून. डोळे तेवढे दाराकडे. ती कोणाची वाट पाहते हे मला कळत होतं आणि जीव तीळ-तीळ तुटत होता. शेवटी माझाच अबोला मोडला. म्हटलं, "माणूस नेलास, निदान त्याच्या मागं चालणारा हा जीव तरी ठेव. नसेल ठेवायचा तर तुझं तू बघ बाबा, माझ्यानं आता होत नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी नवं होतं. नव्या धानाचा पहिला भात देवाला दाखवल्याशिवाय आमच्याकडे कोणी शीतही तोंडात घालत नाही. देवापुढे ताट मांडायचं, दार लोटायचं आणि बाहेर पाठ करून बसायचं. देव जेवताना पाहू नये म्हणतात. गारठा होता म्हणून भुरीला मी चुलीजवळ तणसाच्या पेंढ्यावर निजवलं होतं. "देवाच्या खोलीत कुत्री? काहून वं?" म्हणून सासूबाई कुरकुरल्या होत्या. पण ताटाच्या गडबडीत ती आत आहे हे आम्ही दोघीही साफ विसरलो.

बाहेर धुकं विरत होतं. दाराच्या फटीतून नव्या भाताचा वास येत होता. ह्या दिवसांत ह्यांच्या कपड्यांनाही धानाचा असाच वास यायचा. मला वाटलं, हे पाळीवरून येत आहेत आणि मागं भुरी आहे. माझे डोळे मिटलेले होते की उघडे, आजही सांगता येत नाही.

दार उघडलं तर भुरी देवापुढे पडलेली. बांधलेला पाय ओढत तिथवर गेली होती. ताट चाटूनपुसून लख्ख, आणि नाकावर एक शीत. सासूबाईंचं सोवळं म्हणजे काय, ते मला ठाऊक! मी तिला उचलायला वाकले, तोच त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे, हाकलू नको. पानी ठेव तिच्यापुढं, जेवल्यावर पानी लागते." मग रिकाम्या ताटाकडे पाहत म्हणाल्या, "लगन होऊन आली तवापासून दार लोटून बसून राहिलो आपन. ताट कधी रिकामं झालं का वं? आज झालं." आणि त्या खाली बसून रडल्या, मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

भुरी वाचली. आता जराशी लंगडते, पण माझ्या मागं बांधीपर्यंत येते. हा चमत्कार की नव्या भाताचा वास, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी हात टेकले आणि त्यानं ताट उचललं, एवढंच मला ठाऊक. देवा, तुझे उपकार फिटायचे नाहीत.

यंदा नवं शिजलं. ताट मांडून मी दार लोटायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब वं, अजून लोटू नको." आणि उंबऱ्यात उभं राहून त्यांनी हाक मारली, "भुरे, ये माय, ताट वाढलं."