दुसऱ्याच्या कोटातला सॅक्सोफोनवाला

लग्नसराईत तो मला भोरच्या मोटारथांब्यावर हमखास भेटे. बगलेत गोधडीत गुंडाळलेला सॅक्सोफोन आणि अंगात कुठल्या तरी बँडचा सैल लाल कोट. ज्या दिवशी ज्या बँडात माणूस कमी, त्या दिवशी हा त्यांचा. सकाळी कामथडीला हळद, दुपारी मार्गासनीला लग्न, मध्येच कुणाच्या तरी ओसरीवर तालीम. बोलताना त्याची बोटं माझ्या छत्रीच्या दांड्यावर सूर दाबत राहत. ‘आज कुठं?’ विचारलं की म्हणे, ‘लई घोळ झालाय, मास्तर. गाडीवानालाच ठावं.’

माझ्या मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या बँडला तो येऊन मिळाला, तोही दुसरं लग्न उरकून, थेट पाठवणीलाच. असं वाजवलं की बायकांना आवरेना. वाजवता वाजवता त्याचेही गाल ओले झाले. मी मात्र कोरडाच, रुखवताची ताटं बैलगाडीत चढवत होतो.

गाडी वळणाआड गेली. डोळे पुसताना त्याने मला पाहिलं आणि तो चमकलाच.

‘मास्तर! तुमी हितं कसं?’

मला काही कळेना. मग हा रडला कुणासाठी?

‘लेक माझी,’ म्हणालो, आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं.