नॉर्बच्या मोडक्या घोट्याची बिअर

नॉर्बर्ट झॅस्ट्रो घरी बिअर करतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती तो आग्रहाने पाजतो, ही खरी अडचण होती. आमच्या शबॉयगन शहरात कुणाच्या घरच्या बिअरला नाही म्हणणं म्हणजे घरधन्याच्या आईला नावं ठेवणं. त्यामुळे आम्ही पीत आलो. चव बहुधा काळ्या पडलेल्या केळ्याची असे, कधी भिजलेल्या पुठ्ठ्याची. दुसऱ्या ग्लासाच्या वेळेला लोकांना घरची कामं आठवत.

मेहनतीत मात्र कसूर नव्हती. नळाचं पाणी उकळून त्यातला क्लोरीन घालवायचा, बादली आणि नळ्या निर्जंतुक करायच्या, मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात मुरवून तिचा गोड काढा उतरवायचा, हॉप्सची कडू फुलं घालून तो उकळायचा, बर्फात ठेवून झटपट निववायचा आणि यीस्ट घालून झाकण लावायचं. इथपर्यंत नॉर्बइतका काटेकोर माणूस जिल्ह्यात सापडला नसता. यापुढे बिअरला माणसाची गरज नसते. नॉर्बला मात्र बिअरची असे. तो सकाळ-संध्याकाळ तळघरात उतरून झाकण उघडी, वास घेई, पळीने ढवळी. फेस कमी वाटला की बादली ओढत ओढत घर तापवणाऱ्या भट्टीशेजारी नेई. "गारठलीय बिचारी," म्हणे.

गेल्या जानेवारीत असंच यीस्ट घालून, झाकण लावून तो गाडीवरचं बर्फ खरवडायला बाहेर पडला आणि पायरीवरच घसरला. घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि तळघराचा जिना बंद झाला. बायको लव्हॉन त्या वासामुळे तिकडे फिरकतच नसे. बादली गार भिंतीशी होती तिथेच राहिली.

प्लास्टर निघाल्यावर नॉर्बने ती बिअर नाखुशीनेच बाटल्यांत भरली. ईस्टरच्या जेवणाला उघडली. पहिल्या घोटानंतर सगळ्यांनी पुन्हा ग्लासात डोकावून पाहिलं. घरगुती बिअरवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष एलरॉय कुप्स्की तिथे होता. त्याने ग्लास उजेडात धरला.

"नॉर्ब, खरं सांग. कुठून आणलीस?"

"तळघरातून."

"तसं नाही, गड्या. कुठल्या दुकानातून?"

नॉर्बची मुलगी जनेल हिचं लग्न जूनमध्ये होतं. तिने दुसरा ग्लास भरून घेतला आणि म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात हीच. पिंपभर. विकतची आणलीत तर मी बोलणार नाही तुमच्याशी."

तेव्हापासून नॉर्बच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. चांगलं काही घडलं असेल तर आपण काहीतरी केलंच असणार, अशी त्याची श्रद्धा होती. एलरॉय म्हणाला, पाण्याचा गुण. मंडळातला दुसरा म्हणाला, पाण्याचा काय संबंध, फुलं ताजी होती. नॉर्बने दोघांचंही ऐकून पुन्हा केली. केळं. आणखी एकदा केली. पुठ्ठा.

"सगळं तसंच केलं," तो कुंपणापाशी मला सांगू लागला. "उलट जास्तच लक्ष दिलं. एकच फरक, तेव्हा मी दुखण्याच्या गोळ्या घेत होतो. त्याचा काही..."

"गोळ्या तू खात होतास, बिअर नाही," मागून लव्हॉन म्हणाली.

"मग उरलं काय?"

"तू उरलास."

त्याला राग आला नव्हता; वाक्य कळलं नव्हतं.

लग्नाची बिअर घालायची वेळ आली. यीस्ट घालून झाकण लागलं, तसं लव्हॉनने त्याला वर बोलावलं, तळघराला कुलूप ठोकलं आणि किल्ली ग्रीन बे शहरात राहणाऱ्या जनेलकडे पाठवून दिली. नॉर्बने विरोध केला नाही, कारण त्याच्याकडे दुसरा तर्क शिल्लक नव्हता. तो स्वयंपाकघराच्या फरशीवर कान लावून बसू लागला.

"बुडबुडे थांबले. मेली वाटतं."

"झोपली असेल. तूही झोप."

"थोडी ऊब दिली असती तर..."

"लग्न मुलीचं आहे की बादलीचं?"

जनेलने किल्ली आणून दिल्यावर बिअर पिंपात भरली गेली. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये ब्राटवुर्स्ट नावाचे सॉसेज भाजले जात होते, अकॉर्डियनवाला घामाघूम झाला होता. जनेलने पहिला ग्लास घेतला. नॉर्ब तिच्या तोंडाकडे बघत उभा. तिने घोट घेतला आणि म्हणाली, "हीच, बाबा." मग त्याच्या गळ्यात पडली. नॉर्बचा चेहरा मात्र दुसऱ्याच्या परीक्षेत पास झाल्यासारखा होता.

नवरदेवाच्या मामांनी त्याला कोपऱ्यात गाठलं. तेही घरी बिअर करत. "गुपित काय हो तुमचं?" नॉर्बने पाणी, स्वच्छता, काढा निववणं, सगळं मन लावून सांगितलं.

"आणि पुढे?"

"पुढे किल्ली मुलीकडे द्यायची."

मामा हसले आणि निघून गेले. "त्यांना वाटतं मी लपवतोय," नॉर्ब मला म्हणाला. "ही मीच केली ना रे?"

मी हो म्हणालो. केक कापायच्या आतच पिंप संपलं. एलरॉय रिकामा ग्लास घेऊन आला. "मंडळाच्या सहलीला हीच आण, नॉर्ब."

"आणतो की," नॉर्ब म्हणाला आणि खरोखरच विचारात पडला. "पण ती होईपर्यंत मी राहू कुठे?"