एकतीस बहिणींची बहीण

आमच्या वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात 'स्थानिक पालक' असा एक रकाना होता आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'विद्यार्थिनीशी नाते'. मुलगी आजारी पडली, तिला सुट्टी हवी असली, झालंच तर तिने काही दिवे लावले, तर बोलावून घ्यायला गावात तिचं कोणी नातेवाईक असावं, हा त्यामागचा हेतू. अडचण एवढीच, की ज्यांचे गावात नातेवाईक असतात त्या मुली वसतिगृहात राहायला येत नाहीत.

हा पेच मावशीने वर्षानुवर्षं आपल्या परीने सोडवला होता. मावशी म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची सर्वाधिकारी. नवरा गेल्यावर दोन महिन्यांच्या बदलीवर आली आणि चोवीस वर्षं राहिली. पहिल्या दिवशी बॅगा पायाशी ठेवून पेन चावत उभ्या असलेल्या मुलीच्या हातातून ती अर्ज काढून घ्यायची, ओला हात पुसायची, म्हणायची, "लिही, मावशी," आणि सही ठोकायची. पत्ता: स्वयंपाकघराशेजारची खोली.

तसा हा शब्द आपण सैल हातानेच वाटतो. आईची बहीण ही त्याची हक्काची जागा. पण भाजीवाली, दवाखान्यातली आया, बसमध्ये सरकून जागा देणारी अनोळखी बाई, सगळ्यांना तो पुरतो. वाघालासुद्धा मावशी असते. आमच्याकडे त्याच्या हाकाही ठरून गेल्या होत्या. 'ए मावशी' म्हणजे भूक. 'मावशे' म्हणजे निकाल चांगला लागलाय. 'माऊ' म्हणजे मुलगी एकतर तापाने फणफणलीय किंवा प्रेमात पडलीय. मावशी दोन्हींवर आधी गरम पाणी द्यायची. 'अहो मावशी' म्हटलं की ती न वळताच विचारायची, "काय फोडलंस?"

तिला स्वतःला सख्ख्या बहिणी दोन. एकीला मूल नव्हतं, दुसरीला दोन मुलगे. भाची अशी तिच्या वाट्याला एकही आलेली नव्हती.

मग नव्या अधीक्षकबाई आल्या. त्यांना फायली वाचायची सवय होती, आणि अशा माणसांपासून जगाला नेहमीच थोडा धोका असतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मावशीला बोलावलं. आम्ही काही जणी बाहेर पाणी पिण्याच्या निमित्ताने बराच वेळ तहानलेल्या राहिलो.

"तुम्हाला बहिणी किती?"

"सख्ख्या दोन."

"फायलीत एकतीस आहेत."

"असतील. फाईल तुमच्याकडे असते."

"हसण्यावारी नेऊ नका. ही खोटी माहिती आहे. यात नोकरी जाते."

नोकरी म्हणजे खोलीही. 

बाईंनी नोटीस लावली: पंधरा दिवसांत प्रत्येकीने आईचं पत्र आणावं, त्यात स्थानिक पालकाशी असलेलं नातं स्पष्ट लिहिलेलं असावं. माहिती खोटी ठरल्यास प्रकरण समितीपुढे जाईल.

आम्ही घरोघर फोन केले. तीस आयांनी, ज्यांनी मावशीला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, विनातक्रार तिला बहीण करून टाकलं. मात्र आपापसांत ठरवायचं राहून गेलं. त्यामुळे ती एका पत्रात थोरली, दुसऱ्यात शेंडेफळ आणि तिसऱ्यात चक्क जुळी निघाली. एका आईने उत्साहाच्या भरात तिला लहानपणी हरवून नुकतीच सापडलेली बहीण केलं होतं.

एकतिसावं पत्र माझ्या आईचं. आई शाळेत शिकवते आणि अनुस्वार चुकला तरी अर्धा गुण कापते. तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'या बाई माझ्या बहीण नाहीत. मी एकुलती एक आहे.' मी ते पत्र दोन दिवस पुस्तकात दडवलं. शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात गेले.

"अहो मावशी..."

"काय फोडलंस?"

मी पत्र दिलं. तिने ओळीवर बोट ठेवून ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. घडी घातली.

"जा, देऊन ये."

"अगं, वेड लागलंय का तुला? नोकरी जाईल!"

"गेली तर गेली. कुणी माझ्याबद्दल एवढं खरं लिहिलेलं मी आजवर वाचलं नव्हतं. ते काय चुलीत घालू? जा म्हणते ना."

मी गेले. बाईंनी माझ्यासमोरच वाचलं. पुढे आईने लिहिलं होतं: 'मुलगी काविळीने नऊ दिवस इस्पितळात होती. माझा पाय प्लास्टरमध्ये असल्याने मी येऊ शकले नाही. या बाई नऊ दिवस तिच्या खाटेशी स्टुलावर बसून होत्या. रोज संध्याकाळी फोन करून तिने किती घास खाल्ले ते मला सांगत. मला बहीण असती तर तिने याहून अधिक काय केलं असतं, ते मला सुचत नाही. नात्याच्या रकान्यात काय लिहावं, ते आपणच ठरवावं.'

बाईंनी चष्मा काढून पुसला, जो पुरेसा स्वच्छ होता.

"बाकीची तीस पत्रं," त्या म्हणाल्या, "मी वाचलेली नाहीत. जुळ्या बहिणीचं तर मुळीच नाही. मावशींना पाठव."

पुढच्या महिन्यात समितीने नियम बदलला: स्थानिक पालक म्हणजे नातेवाईक किंवा 'विद्यार्थिनीची जबाबदारी घेणारी परिचित व्यक्ती'. मावशीला एकतीस नव्या अर्जांवर सह्या कराव्या लागल्या. तिची सही सावकाश उमटते, त्यामुळे त्या दुपारी आम्ही रांधलं आणि बटाटे करपवले. ती ते मुकाट्याने जेवली. आमच्या पाककलेवर याहून कडक टीका मी ऐकलेली नाही.

आईचा पाय चालता झाला तेव्हा ती भेटायला आली. स्वयंपाकघराच्या दारात दोघी नव्या मुलींसारख्या अवघडून उभ्या राहिल्या. शेवटी आईच म्हणाली, "ताई, मी तर तुमच्या नोकरीवरच उठले होते हो."

"बसा आधी," मावशी म्हणाली. "प्रवासातून आलात. जेवलात का?"