मी गेट सोडलं नाही

२०२२ साल. माझं वय सहासष्ट, आधार कार्डावर बासष्ट. शाळा चौथीपर्यंत, त्यात तिसरी दोनदा. तरी सांगतो, नागपुरात मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या गेटवर नऊ वर्षं मी उभा होतो आणि माझ्यासारखा गेटवाला त्यांना दुसरा मिळाला नाही. साहेब बदलले, गार्ड पुरवणारा ठेकेदार बदलला, मी तिथंच.

घर आमचं महालात, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझा दिवाण, आणि संध्याकाळी त्याच खोलीत सूनबाईची इंग्रजीची ट्यूशन. सातवी-आठवीची आठ-दहा पोरं सतरंजीवर बसून एका सुरात ओरडायची, 'आय डू नॉट गो, आय डिड नॉट गो, आय हॅव नॉट गॉन, आय विल नॉट गो.' ड्युटीवरून थकून यावं तर कानावर हे. एकदा मी म्हटलंच, "काहून वं, पोरांना निस्तं नाही-नाहीच शिकवून राहिली?"

ती म्हणाली, "बाबा, हो म्हणणं सगळ्यांना जमते. 'नाही'वर येऊन पोरं अडतात."

उन्हाळ्यात एका दुपारी कंपनीच्या जनरेटरची नवी बॅटरी गायब झाली. दोन ते तीनच्या मधे गेली असावी, असं ठरलं. त्या वेळी मी गेटवरच होतो. डबा मी तिथंच खातो, उभ्यानं. त्या तासात आलेल्या दोन गाड्यांचे नंबर रजिस्टरात माझ्या अक्षरात होते. मागची भिंत एका जागी पडली आहे, माणूस सहज आत येतो, हे मी सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. ऐकलं कोणी?

चार वाजता सुपरवायझर टाइप केलेला कागद घेऊन आला. पोरगेला माणूस, माझ्या मुलाहून लहान.

"काका, इथं सही मारा."

"काय लिहिलं आहे?"

"काही नाही, फॉर्मॅलिटी. तुम्ही काही पाहिलं नाही, एवढंच."

"मराठीत आण."

"हेड ऑफिसला जाते हे. तिथं इंग्रजीच चालते."

"मग घरी नेतो. वाचून घेतो, मग पाहू."

"अरे काका, एवढं तर लोक लग्नाची पत्रिका वाचत नाहीत!" तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "उद्या सकाळी सहीसकट पाहिजे. नाही तर ड्युटी विसरा."

न वाचता सही मी आयुष्यात केलेली नाही. कागद घडी करून खिशात घातला.

घरी ट्यूशन चालूच होती. सूनबाईनं कागद वाचला आणि पोरांना गप्प केलं. "बाबा, यात लिहिलं आहे की दोन ते तीन तुम्ही गेटवर नव्हते. न सांगता जेवायला गेले होते."

माझी कानशिलं तापली. म्हणजे सही केली की चोरी माझ्यामुळे झाली. भिंत सुटली, सुपरवायझर सुटला. नाही केली तर नोकरी जाणार. नोकरीचं एवढं नाही, मुलगा कमावता आहे. पण नऊ वर्षं जिथं उभा राहिलो तिथून 'गेट सोडून गेलेला माणूस' म्हणून निघायचं? हे मला चालणार नव्हतं.

"मी दुसरा कागद लिहून देते," ती म्हणाली, "तुम्ही फक्त सही करा."

"नाही. हा त्यानं लिहिला, तो तू लिहिशील. मी नुसता सही मारणारा. उद्या साहेबानं उलटून विचारलं तर? माझं मी लिहीन. तू शिकव."

"एका संध्याकाळी?"

"दोन वर्षं ऐकूनच राहिलो ना."

मी सतरंजीवर बसलो. गुडघे मोडताना आवाज झाला तशी पोरं खिदळली. मी त्यांच्याकडे पाहिलं, गप्प झाली.

ए बी सी मला येत होतं ते गाड्यांच्या नंबरप्लेटमुळे. फक्त मोठी अक्षरं. लहान अक्षरं कधी काढली नव्हती, आणि काढायची नाहीत असं मी ठरवलं. सूनबाईनं मास्तरणीसारखं विचारायला सुरुवात केली. रोज काय करत नाही? गेट सोडत नाही. आय डू नॉट लीव्ह. त्या दिवशी? आय डिड नॉट. मी 'डिड नॉट लेफ्ट' लिहिलं, तर शेजारची वेणीवाली पोरगी म्हणाली, "आजोबा, चूक. डिड आलं की लीव्हच राहते." मी खोडलं. चूक दाखवणाऱ्याचं वय मी पाहत नाही. नऊ वर्षांत? आय हॅव नॉट लेफ्ट. इथं तेच लेफ्ट बरोबर! मला इंग्रजीचा रागच आला, पण लिहिलं. त्या कागदावर सही? आय विल नॉट साइन.

सूनबाई म्हणाली, "डू नॉटचं डोन्ट केलं तरी चालते, बाबा. छोटं पडते."

"छोटं कशाला करायचं? 'नॉट' वेगळं दिसलं पाहिजे."

प्रत्येक 'नॉट'खाली मी पट्टीनं रेघ मारली. सहा वाक्यं झाली. खाली दोन गाड्यांचे नंबर, ते मला पाठच होते, आणि भिंतीचं एक वाक्य. तिनं पाच वेळा म्हणवून घेतलं, पोरांनी माझ्यामागून म्हटलं. मग मी तसाच दुसरा कागद लिहून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा युनिफॉर्म घातला, सीताबर्डीवरून मेट्रो धरली आणि थेट मोठ्या साहेबांच्या केबिनपाशी गेलो. सुपरवायझर आडवा आला. "काका, सही झाली?"

"करतो. तुझ्या कागदावर नाही."

आत उभ्यानं सगळं वाचून दाखवलं. साहेबांनी हिंदीत विचारलं, "लंच पे नहीं गये थे?" मी इंग्रजीतच उत्तर दिलं, "नो सर. आय डिड नॉट गो." त्यांनी कागद हातात घेतला, गाड्यांच्या नंबरांवर बोट ठेवलं आणि रजिस्टर आणायला सांगितलं. त्यांच्यासमोर मी दोन्ही कागदांवर मराठीत सही केली. एक त्यांच्या टेबलावर ठेवला, दुसरा पुढं सरकवला आणि म्हटलं, "साहेब, याच्यावर पोच द्या."

शिक्का बसला, खाली त्यांची सही झाली. ती वाळेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.