किल्ल्यांचा आवाज

बांधणीच्या कारखान्यात पुस्तकं शिवणाऱ्या मावशींचे हात दोऱ्यावर असत आणि कान मालकांच्या टेबलाकडे. सकाळी मालक येत आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवत. हळू ठेवला, तर रजा मागायची. आपटला, तर आजचं दुखणं उद्यावर ढकलायचं.

खरं तर बावीस वर्षांत मालकांनी कुणालाच रजा नाकारली नव्हती. "असा मालक दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही," घरी सून सुनावायची, "तुम्हाला सुख बोचतंय!" मावशींनाही ते पटायचं. मग रोज सकाळी कान त्या किल्ल्यांकडे कशाला लागायचे?

त्या दिवशी जुडगा अलगद ठेवला गेला. मावशी उठल्या, बसल्या, दोऱ्याला उगाच मेण चोळलं, पुन्हा उठल्या आणि तडक टेबलापाशी गेल्या.

"किती दिवस हवेत, मावशी?" मालक हसले.

"रजा नको. रजेचे नियम लिहून भिंतीवर लावा."

मालकांचा चेहरा पडला. "मी कधी नाही म्हटलंय का?"

"नाही."

"मग उद्या म्हणेन असं वाटतं?"

"तेही नाही. पण म्हणालात, तर आम्ही जायचं कुणाकडे? तुमची मर्जी चांगली आहे हो, पण शेवटी मर्जीच ना!"

मालकांनी नकळत जुडगा उचलला. मागे कात्र्या थांबल्या, यंत्र थांबलं. सगळा कारखाना कान टवकारून बसला: आता मालक हा जुडगा खाली कसा ठेवणार?