भागिले चार

माझ्या साडूंचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच पुढे कुणाचा गैरसमज नको. साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. नात्याने ते थोरले जावई, आणि ते थोरलेपण कुणी विसरू नये याची काळजी ते स्वतःच घेत. कोथरूडला त्यांचा बंगला होता आणि गच्चीवरच्या खोलीत ते घरची बिअर बनवत. एका वेळी वीस लिटर. त्यासाठी परदेशातून आणलेलं स्टीलचं मोठं भांडं होतं आणि त्याच्या आत रेघा कोरलेल्या होत्या. या रेघेपर्यंत पाणी घ्यायचं, मोड आणून वाळवलेलं जव त्यात भिजवून गाळायचं, कडवटपणासाठी हॉप्सची सुकी फुलं टाकून तासभर उकळायचं, मग गार करून यीस्ट घालायचं. सगळं रेघांवर चालायचं. सासऱ्यांना ती बिअर फार आवडे. ग्लास संपवून ते म्हणायचे, "मोठ्यांच्या हाताला चव आहे." धाकट्याच्या हाताबद्दल कुणी काही बोलत नसे. धाकटा मी.

मग मलाही बिअर करावीशी वाटली. त्यात ईर्ष्या होती, हौस नंतर आली. आमच्या पेठेतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वीस लिटरचं भांडं ओट्यावर ठेवलं असतं, तर आम्हाला जेवायला बाहेर जावं लागलं असतं. म्हणून मी पाच लिटरची काचेची बरणी आणली आणि झाकणाला भोक पाडून हवा जायची नळी बसवली. साडूंनी ती उचलून उजेडात धरली.

"छान आहे. कैरीचं लोणचं घाला यात."

मी हसलो. तेव्हा मी हसत असे. त्यांची वीस लिटरची कृती पाच लिटरला कशी बसवायची, एवढंच मला विचारायचं होतं.

"अहो, त्यात विचारायचं काय? शाळेतलं गणित आहे. सगळं भागिले चार." मग माझी कीव आल्यासारखं म्हणाले, "उकळायचा वेळ भागू नका म्हणजे झालं. तुमचा काही नेम नाही."

मी जव भागिले चार केलं, हॉप्स भागिले चार केले, पाणी भागिले चार केलं. घरातल्या पसरट पातेल्यात तासभर उकळलं. गार करून बरणीत ओतलं तर बरणी भरेना. चांगला सव्वा लिटर माल कमी. साडूंना फोन केला.

"चाखून बघितली असेल तुम्ही," ते म्हणाले आणि फोनवरच बराच वेळ हसले.

सासऱ्यांच्या वाढदिवसाला मी ती बाटल्यांत भरून नेली. दाट, चिकट आणि इतकी कडू की जीभ आत ओढली जावी. सासऱ्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, हा काढा कुठल्या दुखण्यावर?"

सगळे हसले, माझी बायकोसुद्धा. साडू सगळ्यांत शेवटपर्यंत हसत राहिले आणि त्यांनी समारोप केला, "गणित मी बरोबर दिलं होतं. हाताचा काय इलाज करणार?"

त्या दिवसापासून मी काढेवाला झालो. मुंजीत, बारशाला, अगदी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा साडू वाढप्याला सांगायचे, "काढेवाल्यांना मठ्ठा द्या." पुढे त्यांच्या मुलांची मुलंही मला काढेआजोबा म्हणू लागली. लेकरांवर काय रागावणार? मी सगळा राग एकाच खात्यावर टाकत गेलो.

चूक कुठे झाली ते मला चहाने शिकवलं. बायको एका पाहुण्यासाठी चहा टाकत होती आणि एका कपासाठी तिने दीड कप पाणी घेतलं. मी विचारलं, हळदीकुंकवाला वीस कप करतेस तेव्हा तीस कप पाणी घेतेस का? ती म्हणाली, "वेडा आहेस का? तेवढं आटत नाही."

मी तिथेच उभा राहिलो. पातेलं लहान झालं म्हणून वाफ त्या हिशोबाने कमी होत नाही. साडूंच्या खोल भांड्यातून तासाभरात जेवढं पाणी उडे, त्याचा चौथा भाग माझ्या पातेल्यातून उडायला हवा होता. उडत होतं त्याच्या कितीतरी पट. सुरुवातीलाच पाणी जास्त घ्यायला हवं होतं किंवा शेवटी उकळलेलं पाणी घालून भर करायला हवी होती. साडूंना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी आयुष्यभर रेघेपर्यंत पाणी भरलं होतं. रेघ तिथे का आहे, असा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. अज्ञान त्यांचं आणि नाव माझं खराब झालं होतं.

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी जाऊन हे सांगितलं असतं. मी सांगितलं नाही. मला सूड हवा होता, आणि तो मिळेपर्यंत थांबायची माझी तयारी होती. मंडईतून संत्री आणून त्यांची साल वाळवली, धणे भरडले आणि त्याच बरणीत मी गव्हाची अशी बिअर करू लागलो की बायको म्हणाली, "बाबांना नेऊन दे ना." म्हटलं, वेळ आली की देईन.

वेळ आली. साडूंचा बंगला बिल्डरकडे गेला आणि ते शहराबाहेर मांजरी गावाकडे नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेले. गच्ची गेली, भांडं विकलं. त्यातच सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. सकाळी होम आणि संध्याकाळी त्यांची निवृत्त मित्रमंडळी. थोरल्या जावयाने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "बिअर माझ्या हातची." मग एका दुपारी फोन आला.

"तुमच्याकडे ती बरणी आहे ना, तसलीच आणलीये. आता कृती पाच लिटरला..."

"अहो, त्यात विचारायचं काय?" मी म्हणालो. "सगळं भागिले चार. उकळायचा वेळ भागू नका."

फोन ठेवला तेव्हा मला आनंदच झाला होता.  पुढच्या रविवारी परत फोन. आवाज जरा खाली आला होता.

"बरणी भरत नाहीये हो. बरीच कमी पडतेय."

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. लिटरभर उकळलेलं पाणी गार करून घाला, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी ते वाक्य तोंडात घोळवलं, त्याची चव घेतली आणि गिळून टाकलं.

"चाखून बघितली असेल तुम्ही," मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सासऱ्यांचे मित्र गोल करून बसले होते. साडूंनी स्वतः ग्लास भरले. म्हातारी माणसं सभ्य होती. एकेक घोट घेऊन प्रत्येकाने ग्लास हळूच खुर्चीखाली सरकवला. सासऱ्यांनी ग्लास बघितला, साडूंकडे बघितलं.

"मोठे जावई, हा काढा कुठल्या दुखण्यावर?"

हसण्याचा तो आवाज मी इतकी वर्षं वाट पाहून ऐकला. मग बायकोच्या बहिणीचा चेहरा दिसला. त्या बाईंनी मला कधी काढेवाला म्हटलं नव्हतं. त्यांचं वाईट वाटलं, त्यांच्या नवऱ्याचं नाही.

मी स्वयंपाकघरात, सकाळीच आणून ठेवलेल्या माझ्या गव्हाच्या बिअरच्या बाटल्या फ्रीजमधून काढत होतो, तेव्हा साडू मागे येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलं होतं."

 मला दोष द्यायचा तर ते गणित मुळात कुणाचं, हेही बाहेर सगळ्यांना सांगावं लागलं असतं. ते ओट्याला टेकून राहिले. मी बाटल्यांची झाकणं उघडत राहिलो.

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांनी हाक मारली, "अहो काढेवाले, या की बाहेर!"

आम्ही दोघांनीही मान वळवली. मग मी माझी मान परत फिरवली आणि उरलेल्या बाटल्या उघडल्या.